चाकाचं खुराडं

आबांनी लेकीच्या घरात पाऊल टाकलं ते एका अटीवर, आणि ती अट त्यांच्या काखेतल्या टोपलीत बसून कुरकुरत होती. तीन कोंबड्या. पहिली मास्तरीण, पांढरी, मान ताठ, बाकीच्या दोघींना शिस्त लावणारी. दुसरी गबाळी, जिची पिसं कधी जागच्या जागी नसत. तिसरी ठमी, तांबूस, गुबगुबीत, जगात कसलीच घाई नसलेली.

"ह्या इथं रुळल्या तर मी राहतो," आबा उंबऱ्यातच म्हणाले. "नाहीतर ह्यांना चांगलं घर बघून देऊ, आणि मी जातो तुझ्या दादाकडे. त्याच्या पाचव्या मजल्यावर."

"रुळतील हो आबा. न रुळायला काय झालं!" ती म्हणाली खरी, पण त्या क्षणापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला.

भुंगा लागायला तिला फार निमित्त लागत नसे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, लग्नाआधी एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारी ती बाई. लेक झाली, नोकरी सुटली, पण तपासायची सवय काही सुटली नाही. आता दुधाची वाफ, टेबलाचा कोपरा, जमिनीवर पडलेलं बटण, सगळं तिच्या नजरेच्या चाळणीतून जायचं. लेकीला सगळे भिंगरी म्हणत. अडीच वर्षांची ती पोर एका जागी ठरतच नसे, त्यामुळे आईची नजरही ठरत नसे. नवरा कधीमधी चिडवायचा, "अगं, पापणी तरी लवू दे. डोळे कोरडे पडतील."

पण आबांच्या बाबतीत तिच्याकडे कारण होतं. आई गेली तेव्हा ती चार तासांच्या अंतरावर होती, फोनवर 'बरी आहे गं' ऐकत. रोज बरी आहे, रोज बरी आहे, आणि एक दिवस नाही. त्यानंतर आबा एकटेच राहिले, न्हाणीघरात घसरले, मनगटाला पट्टी बांधून घेतली आणि फोनवर म्हणाले, "बरा आहे गं." त्या दिवशी ती फोन ठेवून ढसाढसा रडली. तिला ते 'बरा आहे' ऐकायचं नव्हतं, समोर बघायचं होतं.

म्हणून आबा राहायला हवे होते. आणि आबा राहायचे तर कोंबड्या रुळायला हव्यात. आणि कोंबड्या रुळायच्या तर आधी त्यांना खुराडं हवं, कारण जुनं लाकडी खुराडं आबांनी तिकडेच सोडलं होतं. त्याच्या सांध्यासांध्यांत बारीक लाल किडे झाले होते, आणि ते दिवसा लपून अंधारात कोंबड्यांचं रक्त पीत. ही माहिती तिनं आबांकडूनच ऐकली, मग त्यावर सापडेल तेवढं सगळं वाचून काढलं, आणि मग दोन दिवस तिलाच अंगभर खाज सुटल्यासारखी वाटत राहिली.

"लाकूड नको," ती म्हणाली. "प्लास्टिकचं घेऊ. पाण्याचा पाइप मारला की स्वच्छ. फटी नाहीत की किडे नाहीत."

"लाकूड बरं असतं," आबा म्हणाले. "पाय रोवून उभं राहतं."

"दोन्ही बघून तर या," नवरा म्हणाला. तो मोटारींच्या आरशांच्या कारखान्यात होता आणि घरातल्या वादात आरशासारखाच वागायचा. समोर जो येईल त्याच्यासारखा दिसायचा.

तर मंडळी आधी सुताराकडे गेली. सुतार म्हणजे सडपातळ, अंगावर भुशाची पावडर लावल्यासारखा माणूस. त्यानं दोन प्रश्नांत कोंबड्यांची माहिती काढून घेतली, फळीवरच्या भुशात बोटानंच खुराड्याची आकृती काढली आणि विचारलं, "बसवायचं कुठं?"

"अं... स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर," ती म्हणाली. "म्हणजे मला दिसेल. पण तिथे दुपारचं ऊन येतं."

"मग सावलीला घ्या."

"सावली भिंतीकडे आहे. पण त्या भिंतीवरून बोका येतो."

"मग लिंबाच्या झाडाखाली?"

"तिथे पाणी साचतं. नाही म्हणजे, थोडंसं. पण थोडंसं साचलं तरी..."

सुतारानं शांतपणे फळीवरची आकृती पुसली. "ताई, हे सागाचं काम. एकदा बसवलं की हलवायला चार गडी लागतील. आधी जागा ठरवा, मग या. लाकूड कुठं पळून जात नाही."

आबांनी गालातल्या गालात हसून लाकडाच्या एका तुळईवर थोपटलं, ओळखीच्या बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं.

ती मात्र बाहेर आली तीच घामाघूम होऊन. चार गडी! म्हणजे चुकलं तर चुकलंच. पुढच्या चौकातलं बादल्या-टबांचं दुकान दिसलं तेव्हा तिला हायसं वाटलं. तिथल्या पोरगेल्या विक्रेत्यानं कोपऱ्यातून एक हिरवं खुराडं ओढून आणलं. गुळगुळीत, छप्पर उघडणारं, आत बसायला दांडी, बाजूला अंड्यांसाठी सरकता खण. आणि खाली दोन चाकं, मागे धरायला मूठ.

"एका हातानं ढकला मॅडम," तो म्हणाला. "आज इथं, उद्या तिथं. ऊन आलं, सावलीत न्या. पाऊस आला, आडोशाला न्या."

तिनं मूठ धरून खुराडं उचललं. गुर्रर्र करत ते चार पावलं आलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी निवांत हसू आलं.

आबांनी बोटाच्या पेरानं छपरावर टकटक केलं. आतून टमटम वाजलं. "ढोलकं आहे," ते म्हणाले. "पण तुला आवडलंय ना? मग झालं."

झालं. खुराडं घरी आलं.

पहिल्या दिवशी ते खिडकीसमोर ठेवलं. भांडी घासताना तिला तिघी दिसत होत्या आणि तिचं मन भांड्यांसारखंच लखलखीत झालं होतं. दुपारी छपराला हात लावून पाहिला तर ते तापलेलं. गुर्रर्र. खुराडं भिंतीच्या सावलीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवर बोका दिसला, म्हणजे त्याची शेपटी दिसली. गुर्रर्र. खुराडं कपडे वाळत घालायच्या तारेखाली. मग वारा सुटला. मग शेजारच्यांनी कचरा पेटवला आणि धूर इकडे आला. मग तिनं कुठेतरी वाचलं की दाराचं तोंड पूर्वेला हवं. मग दुसरीकडे वाचलं की अजिबात नको.

परसाच्या पलीकडे, कमरेएवढ्या भिंतीआड, शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. त्यांचं मशीन खिडकीशी होतं, त्यामुळे सुईइतकंच त्यांचं लक्ष परसावर असे.

"काय गं," त्या हाक मारायच्या, "आज मुक्काम कुठं?"

"लिंबाखाली, काकू. वारा लागत नाही तिथे."

"कोंबड्यांना पत्ता कळवलास का?"

ती हसायची. पण कोंबड्यांना पत्ता कळत नव्हता हे खरंच होतं. दिवसभर त्या परसभर हिंडायच्या, माती उकरायच्या, भिंगरीच्या हातचे काकडीचे तुकडे पळवायच्या. ऊन कललं की मात्र मास्तरीण पुढे, गबाळी मागे आणि ठमी सगळ्यांत शेवटी अशी वरात निघायची, ती थेट कालच्या जागेवर. तिथे खुराडं नसायचं. मग मास्तरीण रिकाम्या जमिनीभोवती फेऱ्या मारायची, गबाळी ओरडायची, आणि ठमी सरळ तिथेच, उघड्या मातीवर, पिसं फुगवून बसून घ्यायची. हिरवं खुराडं दहा पावलांवर दार उघडं टाकून उभं असायचं. ते त्यांना दिसायचंच नाही, किंवा ते आपलं आहे असं वाटायचं नाही.

मग ती पदर खोचून एकेकीला उचलायची. मास्तरीण टोच मारायची. गबाळी पंख झाडून तोंडावर धूळ उडवायची. ठमी मात्र हातात आली की जड होऊन जायची, निजलेल्या पोरासारखी. रोज असं. आणि आल्यापासून तिघींपैकी एकीनंही अंडं दिलं नव्हतं. आबांच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे तर एक दिवस खाडा नसायचा.

आबा मागच्या पायरीवर बसून हे बघायचे. काही बोलायचे नाहीत. सबंध नोकरी त्यांनी रेल्वेच्या एका फाटकावर काढली होती. गाडी यायची, फाटक पडायचं. गाडी जायची, फाटक उठायचं. मधल्या वेळात बोलायला कुणी नसायचं, त्यामुळे गप्प बसणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. जग इकडून तिकडे धावायचं आणि आबा तिथेच असायचे.

घरात त्यांच्यासाठी पलंग आणला होता तोही चाकांचाच. एक दवाखाना बंद झाला, त्याच्या सामानातून नवऱ्यानं मिळवलेला. लोखंडी, पांढरा, पायांना रबरी चाकं. "ह्याची सोय चांगली," ती म्हणाली होती. आणि सोय तिनं पुरेपूर वापरली. आधी पलंग मागच्या खोलीत होता. तिथल्या भिंतीला ओल वाटली म्हणून तो बैठकीत आला. बैठकीत टीव्हीचा आवाज, म्हणून खिडकीकडे. खिडकीतून गार वारा, म्हणून कपाटाच्या आड. कपाटाच्या आडून न्हाणीघर लांब पडतं, म्हणून पुन्हा अलीकडे. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "बरं आहे गं इथंही."

पलंगाबरोबर त्याच्या खालची आबांची बॅगही फिरायची. चामडी पट्ट्यांची जुनी बॅग. आबा तिच्यातून सदरा काढायचे आणि पट्टे पुन्हा आवळून टाकायचे. कपाटात त्यांच्यासाठी एक पूर्ण कप्पा तिनं रिकामा करून, पुसून, कागद अंथरून ठेवला होता. तो तसाच होता. रोज झाडताना तिला ते आवळलेले पट्टे दिसायचे आणि केरसुणी तिथे जरा जास्तच वेळ फिरायची.

एका गुरुवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. विम्याच्या कचेरीत साहेब, आणि घरीही साहेबच.

"आबा कसे आहेत?"

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि हे शब्द आपल्याच तोंडून ऐकून तिला कसंसंच झालं.

"आणि त्यांच्या त्या बाया? रुळल्या का?"

"रुळतायत."

"म्हणजे नाही. हे बघ, मी रविवारी गाडी घेऊन येतोय. आबांशी बोललोय मी. ते हो म्हणालेत. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. तुला तुझी पोर आहे, तुझं सगळं आहे. माझ्याकडे लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे! ती फोन ठेवून परसात आली. आबा पायरीवर बसून भिंगरीला शेंगा सोलून देत होते आणि भिंगरी त्या सोललेल्या शेंगा पुन्हा टरफलांत घालायच्या खटपटीत होती.

"आबा, तुम्ही दादाला हो म्हणालात?"

"म्हणालो."

"मला न सांगता?"

"तुला काय सांगायचं? तुला दिसतंय की." त्यांनी हनुवटीनं परसाकडे खूण केली. "रुळत नाहीयेत गं. म्हाताऱ्या झाल्यात. म्हाताऱ्यांना नवी जागा जड जाते. काकू घ्यायला तयार आहेत तिघींना, विचारून ठेवलंय मी."

"प्लास्टिकमुळे होतंय का? वास येतो का त्यांना? आपण लाकडाचं करून घेऊ. मी आत्ता जाते सुताराकडे."

"नको, नको. खुराडं झकास आहे. धुवायला तर बघ, मिनिटात होतं. माझं आधीचं खुराडं साफ करायचो तेव्हा कंबरेचा काटा ढिला व्हायचा. तू म्हणालीस तेच खरं होतं त्या किड्यांचं."

"मग काय चुकतंय आबा?"

आबांनी एक शेंग फोडली. "मला काय ठाऊक? मी फाटकवाला. कोंबड्यांचा डॉक्टर थोडाच आहे!"

त्यांना ठाऊक नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी तिला वाटलं, त्यांनी ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं की निदान आपली चूक कुठे ते तरी कळतं.

शुक्रवारी सकाळी आबा अंघोळीला गेले असताना तिनं पलंग हलवला. दोनच दिवस राहिलेत तर निदान उजेडात बसून त्यांना पेपर वाचता यावा, एवढाच तिचा विचार. गुर्रर्र, पलंग पुढच्या खिडकीशी. हातासरशी खुराडंही लिंबाखालून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं. आता डोळ्यांसमोरच राहील. बघूच कशा रुळत नाहीत ते.

दुपारची जेवणं झाली. ती बैठकीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आबांनी हात धुतले, पुसले, चष्मा डोळ्यांवर चढवला, पेपर काखेत घेतला आणि सावकाश चालत कालच्या जागी गेले, जिथे पलंग होता तिथे. वळले. पाठ केली. एक हात मागे नेऊन पलंगाची कड चाचपत बसायला वाकले.

मागे काहीच नव्हतं.

"आबा!"

ती उडी मारून पोचली तोवर आबांनी स्वतःला सावरलं होतं. एक हात कपाटाला टेकलेला, गुडघे वाकलेले, पेपर जमिनीवर पसरलेला. मागे नेलेला हात तसाच हवेत होता आणि त्याची बोटं अजून कड शोधत होती.

"गाडी सुटली वाटतं," आबा म्हणाले आणि हसले.

तिला हसता येईना. तिनं त्यांना धरून खिडकीशी नेलं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मनगट तपासलं. मग दुसरं मनगट तपासलं. आबा म्हणाले, "अगं, पडलो नाही मी. नुसता बसत होतो."

"रोज असं होतं का?"

"रोज कुठं. पलंग हलतो त्या दिवशीच." आणि त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

संध्याकाळी ती दाराशी उभी राहिली. पदर खोचला नव्हता, हात नुसतेच लोंबत होते. ऊन कललं. वरात निघाली. मास्तरीण तिच्या पायांशेजारून, नव्या जागेवरच्या हिरव्या खुराड्यासमोरून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता लिंबाकडे गेली. गबाळीही गेली. ठमी सगळ्यांत मागून आली, लिंबाखालच्या रिकाम्या मातीशी थांबली, वळली, आणि मागचा भाग हळूच खाली टेकवत, चाचपत बसली.

तिचा हात तोंडाकडे गेला.

"काय गं, आज मुक्काम दाराशी वाटतं?" भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला.

"नाही काकू," ती म्हणाली. "आज मुक्काम संपला."

तिनं खुराड्याची मूठ धरली आणि शेवटचं गुर्रर्र करत ते लिंबाखाली नेलं. ठमी तसूभरही हलली नाही, तेव्हा तिला बाजूला उचलून ठेवावं लागलं. मग ती आत जाऊन नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातून पाना घेऊन आली, खुराडं एका कुशीवर कलवलं आणि मातीत मांडी घालून बसली.

"काय चाललंय?" आबा काठी टेकत पायरीवर आले.

"चाकं काढतेय."

"हं." आबा बसले. थोडा वेळ पान्याचा कुरकुर आवाज तेवढा होत राहिला. "तिथं पाणी साचतं म्हणायचीस."

"खाली विटा घालते."

"आणि खिडकीतून दिसत नाही."

पाना थांबला. हेच तर होतं. लिंबाचा बुंधा आणि कपडे धुवायचा दगड मध्ये यायचे. स्वयंपाकघरातून फार तर छपराची हिरवी कड दिसायची. त्यांना काही झालं तर? बोका आला तर, दार नीट लागलं नसलं तर, आणि ती आत कांदा चिरत उभी असली तर?

"नाही दिसत," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आबा, न दिसलेलं काहीतरी होतं हो नेहमी."

आबांना कशाबद्दल ते कळलं. त्यांनी काठीचं टोक मातीत हळूहळू फिरवलं.

"तुझी शाळा फाटकापासून दिसायची नाही," ते म्हणाले. "मध्ये गोदाम होतं. लहान होतीस, सकाळी रूळ ओलांडून जायचीस, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मला केबिन सोडता यायची नाही. सुरुवातीला माझ्या हातून झेंडा सुटायचा, इतका जीव टांगणीला. पण तुला फाटक कुठं आहे ते माहीत होतं. यायचीस बरोबर." त्यांनी जरा थांबून पुढे म्हटलं, "तुझी आई गेली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होतो. मला तरी कुठं दिसलं?"

डोळ्यांतलं पाणी तिनं खांद्यानं पुसलं, कारण हाताला ग्रीस लागलं होतं. मग दुसरं चाक निघालं. तिनं विटा मांडल्या, खुराडं त्यांवर बसवलं, ढकलून पाहिलं. हललं नाही. मास्तरणीनं एकदा आत डोकावून पाहणी केली आणि चढली. गबाळी तिच्या मागोमाग. ठमी सर्वांत शेवटी, तेही एक पाय आत घालून बराच विचार केल्यावर. त्या संध्याकाळी कुणालाच उचलावं लागलं नाही.

शनिवारी सकाळपासून ती स्वतःशी झुंजत होती. दर थोड्या वेळानं पाय परसाकडे ओढ घ्यायचे. दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. नवऱ्यानं विचारलं, "शतपावली करतेयस का?" ती म्हणाली, "गप रे, मी सुधारतेय." संध्याकाळी मात्र तिनं मुद्दाम खिडकीकडे पाठ केली आणि भांडी उलट्या दिशेनं घासली. शेवटी भिंगरीच धावत आली, दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून. म्हणजे छप्पर. "गेल्या! गेल्या! ठमी पण!"

रविवारी दादाची गाडी दारात उभी राहिली. दादानं चहा उभ्यानंच घेतला, घड्याळ दोनदा पाहिलं, आणि पलंगाखालून आबांची बॅग ओढली. "चला आबा. पट्टेबिट्टे आवळलेलेच आहेत तुमचे. शिस्त म्हणजे शिस्त."

ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. 'थांबा' म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. म्हटलं तर ते थांबतीलही, आणि मग तेही पुन्हा हलवल्यासारखंच होईल. तिनं आबांच्या वाटेचा डबा भरून ठेवला होता. तो दोन्ही हातांत धरून ती नुसती उभी राहिली.

आबा पलंगावर बसले होते. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि जपून, दोन बोटांत धरून एक अंडं बाहेर काढलं. फिकट तांबूस.

"ठमीचं," ते म्हणाले. "सकाळी खणात होतं. अजून कोमट होतं तेव्हा."

भिंगरी लगेच म्हणाली, "मला."

"पाना कुठं ठेवलास गं?" आबांनी विचारलं.

"पाना? इथेच आहे, टेबलावर. कशाला?"

"माझ्याही पलंगाची चाकं काढ."

दादा बॅग हातात धरून तसाच उभा राहिला. "आबा, अहो, लिफ्ट..."

"लिफ्ट वरखाली करते रे बाबा. मला आता जाग्यावर बसायचंय. ती बॅग ठेव खाली. आलायस तर जेवून जा, आणि जायच्या आधी पलंगाला हात लाव. तुझ्या बहिणीला एकटीला उचलायचा नाही."

"कुठे ठेवू?" तिनं घाईनं विचारलं. "खिडकीशी? की मागच्या खोलीत, तिथली ओल मी बघून घेते, रंग..."

"मी सांगतो." आबा उठले, काठी घेऊन चालत गेले आणि बैठकीतून स्वयंपाकघराकडे जायच्या वाटेवर, भिंतीला लागून उभे राहिले. सगळ्या घराचं जाणं-येणं तिथून. वारा दोन्ही बाजूंनी. भांड्यांचा आवाज, फोडणीचा ठसका, टीव्ही, भिंगरीची पळापळ, सगळं तिथेच. "इथं. येणारं-जाणारं दिसलं पाहिजे."

तिच्या तोंडात एकदम सात हरकती आल्या. वारा, धूर, आवाज, झोपमोड, वाटेत पाय लागणं, आणखी दोन. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरं," ती म्हणाली.

दादानं कोटाच्या बाह्या सरसावल्या. नवऱ्यानं दुसरी बाजू धरली. चाकं निघाली, लोखंडी पाय फरशीवर टेकले, आणि खट्ट आवाज झाला. दादा निघाला तेव्हा गाडीत आबांऐवजी त्यांच्या वाटेचा डबा होता.

संध्याकाळी ती कपड्यांची बादली घेऊन परसातून आत आली. वाटेवर भिंगरी जमिनीवर बसली होती. खुराड्याची आणि पलंगाची, सगळी चाकं तिनं एकामागे एक लावली होती आणि तोंडानं शिट्टी मारत ती रांग ढकलत होती. आबा पलंगावर बसलेले. त्यांच्या सदऱ्यांची चळत मांडीवर होती, कपाटात जायच्या वाटेवर, आणि बॅग पायांशी उघडी पडली होती.

"गाडी आली," आबा म्हणाले आणि त्यांनी आपली काठी वाटेवर आडवी धरली.

"आबा, जाऊ द्या हो. बादली ठेवते आणि परत एकदा बघून येते, त्या..."

"फाटक पडलंय."

गाडी अगदी सावकाश निघाली होती. एक चाक मागे राहिलं, भिंगरीनं ते परत आणून जोडलं, मग पुढचं कलंडलं. मागे उघड्या दारातून लिंबाकडून तिघींची झोपेआधीची बारीक कुरकुर ऐकू येत होती. तिनं बादली खाली ठेवली, आणि काठीच्या अलीकडे थांबली.